बूड खाली, शेंडा वर

कंदील अडकवायला कोंडाबाईंनी सवयीनं हात वर केला. वर खिळा नव्हता. खांब चाचपत त्यांचा हात खाली आला. खिळा गुडघ्यापाशी सापडला आणि त्याचं तोंड जमिनीकडे होतं.

"बापू, ह्यो खांब उलटा हाय," त्या मला म्हणाल्या.

मग त्यांनी बाकीचे पाचही खांब पाहिले. दारात बोचकं घेऊन उभ्या असलेल्या सुनेकडे वळल्या. "सुभद्रे, आत येऊ नको."

मी तेव्हा ज्युनिअर इंजिनिअर होतो. नोकरीला जेमतेम दोन वर्षं झालेली. येलदरी धरणात गाव गेलेली काही कुटुंबं जिंतूरकडच्या डोंगरावर पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. त्यांची जुनी घरं माळवदाची, म्हणजे लाकडी खांब-तुळयांवर मातीचं सपाट छत असलेली. गाव सोडताना त्यांनी ती उकलली आणि सागवान बैलगाड्यांतून वर आणलं. पुढे ते तसंच पडून राहिलं. एकही नवं झाड न तोडता त्याच लाकडात लहान घरं बांधायची, ही कल्पना माझी. डेप्युटी साहेबांनी एका नमुना घराला मंजुरी दिली. ते जमलं तर बाकीच्यांचीही होणार होती.

पहिलं घर कोंडाबाईंचं ठरलं, कारण सुभद्राला सातवा महिना होता. तिची आधीची दोन लेकरं शेडमधल्या थंडीत गेली होती. "हिवाळ्याच्या आत आडोसा द्या बापू, दुसरं काय मागत न्हाई," एवढंच कोंडाबाईंचं मागणं होतं.

मी जीव ओतून ड्रॉइंग केलं. दोन खणांचं घर. खण म्हणजे दोन खांबांमधली जागा. डोंगरावर वारा आडवा घुसतो, म्हणून कोपऱ्यांत तिरप्या पट्ट्या दिल्या. त्याला ब्रेसिंग म्हणतात. भिंती फळ्यांच्या, जोतं तिथल्याच दगडाचं. अडचण खांबांची होती. पडून पडून त्यांची बुडं ओलीनं खराब झाली होती. शेंड्याकडचं लाकूड मात्र टणक होतं. ओल खालून चढते, तेव्हा टणक टोक खाली घ्यायचं आणि खराब टोक थोडं तासून वर छपरात कोरडं ठेवायचं. हिशेब बिनचूक होता. मला तर स्वतःचंच कौतुक वाटलं होतं.

गंगाराम मिस्त्री पहिला खांब उभा करताना घुटमळला. "सायेब, येक इचारू का?"

"ड्रॉइंगमध्ये आहे तसं करा, मिस्त्री."

त्यानं केलं. घरची माणसं दिवसभर खडी फोडायला जायची, त्यांना कुणी विचारलंच नाही. तो गंजका खिळा लाकडात रुतला होता, निघेना. मीच म्हणालो, राहू दे.

आणि आता कोंडाबाई त्या खिळ्याजवळ बसल्या होत्या.

"झाड कसं वाढतंय? बूड खाली, शेंडा वर. घरात बी खांब तसाच लावत्यात. उलट्या खांबाच्या घरात वंश न्हाई टिकत, बापू."

"मावशी, लाकूड मेलेलं असतं. त्याला वर-खाली काय कळणार?"

"तुमच्यात असलं पाळत न्हाईत, ठाव हाय मला." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "पर हिची दोन गेलीत. तिसऱ्याला म्या कशी घिऊन जाऊ आत?"

माझ्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हा असलं सगळं घरातून झाडून काढलं होतं. त्याचा मला अभिमान होता, आजही आहे. पण त्या क्षणी त्या बाईसमोर तो काही कामाचा नव्हता. सुभद्रा बोचकं छातीशी धरून परत शेडकडे चालायला लागली.

मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, छप्पर उतरवून, खराब बुडाखाली दगडी बैठक देऊन खांब सुलटे करता येतील. आठ दिवस लागतील. मी जिंतूरला धावलो.

"खांब उलटा असतो हे कुठल्या स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलंय?" डेप्युटी साहेब म्हणाले.

"सर, ते लोक राहायलाच तयार नाहीत."

"पुढच्या आठवड्यात पाहणी आहे आणि तुम्ही छप्पर उतरवताय? पाहणी होऊ द्या, मग बघू."

मी "यस सर" म्हणालो. ते दोन शब्द मला अजून टोचतात.

पाहणी झाली, घराचं कौतुक झालं. त्यानंतर मी तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं ते फाइलवरच्या शेऱ्यात: लाभार्थी राहण्यास अनुत्सुक, योजना बंद करावी. एका घराबरोबर साऱ्या वस्तीची घरं गेली.

मार्गशीर्षात सुभद्रा शेडमध्ये बाळंत झाली. मुलगा झाला. पत्र्याच्या फटींतून वारा शिरत होता आणि वीस पावलांवर माझं कोरडं, उबदार घर कुलूप लावून उभं होतं. आठवड्याच्या आत मूल गेलं. डॉक्टर न्यूमोनिया म्हणाले.

मी भेटायला गेलो. कोंडाबाई शिव्या देतील, असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला बसायला पोतं टाकलं.

"आत गेलो न्हाई, त्येच बरं झालं बापू," त्या म्हणाल्या. "तितं गेलं असतं, तर लोकांनी तुमच्या खांबाला बोल लावला असता."

सुभद्रा भिंतीकडे तोंड करून पडली होती. पुढच्या उन्हाळ्यात ते कुटुंब डोंगर उतरून कुठं तरी कामाला गेलं, आणि त्या घरात खात्यानं सिमेंटच्या रिकाम्या गोण्या ठेवल्या.

पुढे तीस वर्षं मी घरं बांधली. लाकडाला वर-खाली कळतं, यावर माझा आजही विश्वास नाही. पण खांब उभा करण्याआधी मी मिस्त्रीला बूड कुठलं ते विचारतो आणि घरच्या बाईला बोलावून दाखवतो. विचारायला अर्धं मिनिट लागतं.