फोनवरचं औषध

माझा मामा एका सात मजली ऑफिसच्या तळघरात बसायचा. अख्ख्या इमारतीचा एसी त्याच्या हातात, म्हणून सगळे त्याला एसीमामा म्हणत. खोलीत मशीनची घरघर, एक खुर्ची आणि सतत वाजणारा फोन. सुट्टीत मी तिथे जायचे ती त्या फोनसाठीच.

"अहो एसीमामा, आमचा बर्फ करून विकायचाय का?" ही तिसऱ्या मजल्यावरची हिशेबवाली बाई. प्रत्येक शब्दाला शाल गुंडाळून बोलणारी.

"इथे भाजून निघतोय मी." हे सहाव्या मजल्यावरचे साहेब, पूर्ण नाकातून.

मामाचं दोघांना एकच उत्तर. "हो हो, आत्ता करतो... केलं बघा." हात मात्र मांडीवर. थोड्या वेळाने बाईंचा फोन यायचा, "आता कसं, माणसात आल्यासारखं वाटतंय. तुमच्या हाताला गुण आहे हो."

"मामा, तू काहीच केलं नाहीस."

"ऐकून घेतलं ना. सगळ्यांच्या तालावर मशीन नाचवलं तर वीज उधळली जाईल नुसती."

वीज वाया गेलेली त्याच्या जिवावर यायची. मामी फ्रिज उघडून विचार करत उभी राहिली की म्हणायचा, "दार लाव, आतून कोणी हाक मारत नाहीये तुला."

म्हणून कॉम्प्युटर आला तेव्हा मामा खूश झाला. खोलीत माणसं किती, ऊन कुठून येतंय, हे सेन्सर बघणार आणि तेवढाच गारवा सोडणार. ते बसवणाऱ्या इंजिनिअर मुलीला त्याने इमारतीची नस न नस सांगितली. फोनचं औषध तेवढं सांगितलं नाही. ते काय कामात धरायचं, असं त्याला वाटलं.

विजेचा वापर झपकन खाली आला. मामा असा मिरवत होता, जणू भाचीच पहिली आली. पण तक्रारी आता मामाच्या फोनऐवजी कॉम्प्युटरच्या अ‍ॅपवर जात आणि अ‍ॅप फूटपट्टी गिळल्यासारखं ताठ बोले: "आपल्या कक्षाचे तापमान योग्य आहे."

"म्हणजे मी खोटं बोलतेय?" बाई पेटल्या आणि टेबलाखाली हीटर घेऊन आल्या. उष्णता वाढली म्हणून सेन्सरने गारवा वाढवला. मग शेजारणीनेही हीटर आणला. साहेबांनी पंखा आणला. वापर पहिल्यापेक्षा वर गेला.

साहेबांनी मामाला वर बोलावलं. समोर ती मुलगी खाली मान घालून, शेजारी हिशेबवाली बाई.

"तुमच्या वेळी कुरकूर नव्हती. काय करत होतात तुम्ही?"

मामाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बाई कौतुकाने त्याच्याकडेच बघत होत्या.

"विशेष काही नाही, साहेब."

यंत्रणा बंद झाली. मुलीचं काम गेलं. मामाला खुर्ची आणि फोन परत मिळाला. पण परवा जेवताना त्याचा घास हातातच राहिला.

"'अजून काही सांगायचं राहिलंय का मामा,' असं त्या मुलीने विचारलं होतं गं मला, अगदी निघताना."

"मग आता सांग ना तिला."

"कुठे शोधू? तिला अजून वाटत असेल, तिचंच काहीतरी चुकलं."