कोपरगावचं स्थळ आणि मोजण्याच्या दोन रीती

कोपरगावला मुलगी बघायला निघालो तेव्हा आईने एसटीतच बजावलं, "तिथं इलेक्ट्रॉनचं नाव काढायचं न्हाई." आधीची दोन स्थळं इलेक्ट्रॉननेच मोडली, असं तिचं ठाम मत. मला ते अजून पटत नाही. एका ठिकाणी माझं नाकही नडलं होतं.

पण मुलीच्या वडिलांनीच विचारलं, "पाव्हनं, कालिजात नेमकं करता काय?" मग मी कसला थांबतोय! रेणूतल्या ऊर्जेच्या पातळ्या मोजायच्या दोन पद्धती, त्यांची तुलना मी त्या वर्षी लिहीत होतो. त्या दोन्हींची यंत्रं फक्त मासिकातल्या चित्रात पाहिलेली, म्हणून सांगायला जोर अंमळ जास्तच.

"समजा, विहीर आहे. तिच्या पायऱ्यांवर बेडूक बसलेत, ते इलेक्ट्रॉन. पहिल्या पद्धतीत बेडकाला मोजून दणका द्यायचा. तो काठाबाहेर उडतो. बाहेर पडल्यावर त्याच्यात किती जोर उरला ते बघायचं, म्हणजे तो काठापासून किती खोल बसला होता ते कळतं. दुसऱ्या पद्धतीत तळचा बेडूक हाकलायचा. रिकाम्या जागी वरचा उडी घेतो आणि त्या उडीतून क्ष-किरण निघतो. त्यावरून दोन पायऱ्यांमधलं अंतर समजतं, काठापासूनची खोली नाही."

आईने पदराआडून चिमटा काढला. उशीर झाला होता.

"औंदा हिरीला पानीच न्हाई, बेडूक कुठला आनायचा?" वडील म्हणाले. "पन इचार बरा हाय. आमीबी तुमाला दोन रीतीनं मोजलंय. तुमच्या आई म्हनल्या, पोरगा प्रोफेसर हाय. आमचा भाचा भिंगारला तुमच्या शेजारी ऱ्हातो. तो म्हनतो, निस्ता डेमॉन्स्ट्रेटर हाय, पोरांना भिंगं वाटतो आन् परत गोळा करतो. मेळ बसंना."

पोहे देताना मुलीने माझ्याकडे सरळ पाहिलं होतं आणि मला ती फार आवडली होती. हे स्थळ मोडू नये, असं आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं.

"दोन पद्धतींचा मेळ बसला नाही, की मोजायला सुरुवात कुठून केली ते आम्ही बघतो," मी घाईघाईने म्हणालो. "आईने तिच्या हौसेपासून मोजलं. तुमच्या भाच्याने भिंगांपासून."

"आन् तुमी कुठनं मोजता?" दाराआडून मुलीचा आवाज आला.

 

"डेमॉन्स्ट्रेटरच आहे," मी म्हणालो. "प्रोफेसर व्हायचंय. होईनच असं नाही."

ती बाहेर आली. माझ्या बशीतले पोहे बोलण्याच्या नादात तसेच गार झाले होते. तिने बशी उचलली आणि आत गेली. झालं, संपलं, असं समजून मी चपला शोधायला लागलो. आईने मनगट धरून मला खाली बसवलं. थोड्या वेळाने मुलगी पुन्हा आली, त्याच बशीत नवे गरम पोहे घेऊन.

"नगं असलेल्यासाठी कुनी दुसऱ्यांदा फोडनी घालत न्हाई," परतीच्या एसटीत आईने समजावलं, तेव्हा कुठे मला होकार कळला.