मामींचा जादा ठिपका

आमच्या मामांइतका हट्टी माणूस अख्ख्या चेन्नईत नाही, आणि चेन्नईत हट्टी माणसांची टंचाई आहे असं कोणी म्हणणार नाही. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. तंजावरकडचे मराठी, घर मैलापूरला, दुकान गिंडीत. दुकान म्हणजे एक खोली, एक पंखा आणि एक म्हातारा कॉम्प्युटर, ज्याला मामा रोज कुंकू लावतात. तो सुरू व्हायला इतका वेळ घेतो की मामा बटण दाबून सरळ काफी प्यायला निघून जातात. नवा घ्या म्हटलं की म्हणतात, "नव्यास जुनें वाचतां येत नाहीं, माप्पिळ्ळै." माप्पिळ्ळै म्हणजे जावईबापू. हा मान मला फक्त मामा देतात; बाकी सासरी मला कोणी विचारत नाही.

कारखान्यांतल्या सर्किट बोर्डांच्या जुन्या डिझाइन फायली लोक मामांकडे आणतात. बोर्डावर तपासणीची पिन नेमकी कुठल्या ठिपक्यावर टेकवायची, ते मामा त्या फायलींतून शोधून देतात. मग त्या जागांवर पिना बसवून फिक्स्चर बनतं. बोर्ड त्यावर दाबला की धड आहे की बिघडलेला ते कळतं. मामा पडद्याला नाक लावून, डिझायनरला तमिळमध्ये शिव्या घालत, तांदळातले खडे वेचावेत तसे ठिपके वेचतात. "ह्या मूर्खानें लग्न तरी धड केलें असेल कां?" असा प्रश्न त्यांना प्रत्येक फायलीपाशी पडतो.

यंदा इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यातून आलेल्या फायलीला मात्र त्यांनी एकही शिवी दिली नाही. फिक्स्चर बनून गेलं आणि तिथल्या इंजिनियर मुलीचा फोन आला. मी नोकरीला आहे त्या बँकेला सुट्टी असल्यामुळे मी दुकानातच होतो.

"सार, कोपऱ्यातली एक पिन कशालाच जोडलेली नाही. ती काढल्याशिवाय आम्हांला फिक्स्चर घेता येणार नाही."

"राहूं द्या ती," म्हणून मामांनी फोन ठेवला.

मामांचं निम्मं काम त्या कारखान्याचं. मी वैतागलो. "मामा, एक ठिपका तर पुसायचाय!"

मामा खवळले नाहीत, तेव्हाच मला धडकी भरली. "तुमच्या मामीचा बोर्ड आहे तो," ते म्हणाले.

मामी माझ्या लग्नाआधीच गेल्या. त्या बोर्ड डिझाइन करायच्या एवढंच मला ठाऊक होतं. बाकीचं मामांनी तेव्हा सांगितलं. सकाळी दारात कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी, काढताना पीठ नीट सुटतंय का ते बघायला त्या पहिली चिमूट बाजूला टाकायच्या आणि ती पुसायला हमखास विसरायच्या. बोर्डावरही तेच. पहिला ठिपका कोपऱ्यात करून बघायचा आणि तिथेच सोडून द्यायचा.

"रोज भांडत होतों मी. पूस कीं तें, म्हणत होतों," मामा म्हणाले. त्यांनी पडद्याला नाक लावलं. मग तो ठिपका पुसला, आणि पिन काढून टाका म्हणून त्या मुलीला कळवलं.

काम टिकलं. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचं वाईटही वाटलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाण्याआधी मैलापूरला डोकावलो. मामी गेल्यापासून मामांच्या दारात कोलम नसतो. त्या दिवशीही नव्हता. पण उंबऱ्याच्या कोपऱ्यात तांदळाच्या पिठाची एक चिमूट होती.

"पाहून, माप्पिळ्ळै," आतून मामा ओरडले, "पाय पडेल!"

मी लांब पाऊल टाकून आत गेलो.