ब्लोलॅम्पवरचं भरीत

आमच्या दादांचा पाय मोडला तो शेळीच्या दाव्यात अडकून. झाडावरून पडून मोडला असता तर चारचौघांत सांगायला तरी बरं वाटलं असतं. पण दादा, म्हणजे माझे वडील, पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावी गोठ्यात वाकले, शेळीनं दावं ओढलं आणि साठी ओलांडलेला माणूस आडवा झाला. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. भाऊ फौजेत, बायकामुलांसकट पंजाबात. तेव्हा दादांना नगरला माझ्याकडे आणण्यावाचून इलाज नव्हता. मांडीपर्यंत प्लास्टर घातलेल्या दादांना खुर्चीत बसवून चार माणसांनी सावेडीतल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, पहिल्या मजल्यावर चढवलं.

दाराच्या आत आल्या आल्या दादा म्हणाले, "चंपाषष्ठीला मी घरी जानार."

लेकीच्या घरी पाहुणा म्हणून जावं, चहा घ्यावा, नातवंडांच्या हातावर काहीतरी ठेवावं आणि उठावं. मुक्काम ठोकून बसू नये, असं आमच्याकडच्या जुन्या माणसांना वाटतं. दादा तर त्या बाबतीत सगळ्या गावाला पुरून उरतील. गावी तीन भाकरी खाणारा हा माणूस माझ्याकडे अर्ध्या पोळीवर ताट सरकवायला लागला. "भूक नाही का?" विचारलं, तर म्हणायचे, "हाय की. पन नुसतं बसून काय खायचं?" माझं डोकं फिरायचं. मी ताट पुन्हा त्यांच्यापुढे सरकवायची, ते पुन्हा माझ्याकडे सरकवायचे.

आता चंपाषष्ठीचं सांगते. मार्गशीर्षातला हा खंडोबाचा दिवस. पावसाळ्यापासून वांगं वर्ज्य करायचं, आणि त्या दिवशी देवाला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा जाडजूड रोडगा दाखवून मगच वांगं तोंडात घालायचं, हा आमच्या माहेरचा नेम. ती वांगी दरवर्षी दादा स्वतः भाजायचे. वर्षभर चुलीकडे न फिरकणारा माणूस त्या दिवशी अंगणात गोवऱ्या रचून बसायचा आणि कुणाला हात लावू द्यायचा नाही. म्हणून त्यांना गावी जायचं होतं. आणि डॉक्टरांनी तर मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "एसटीत पाय हादरला तर हाड सरकेल. मग ऑपरेशनशिवाय गत्यंतर नाही, आणि या वयात चालणं पहिल्यासारखं होईल याची खात्री देत नाही."

मी दादांना म्हटलं, "भरीत इथंच करू."

"कशावर?"

मी गॅसच्या शेगडीकडे बोट दाखवलं. दादा हसले. पाय मोडल्यापासून पहिल्यांदाच हसले, आणि तेही माझ्या शेगडीला. म्हणाले, "साल जळून कोळसा व्हायला पायजे, आन् वास सुटाय पायजे. तसं तुज्याच्यानं जमलं तर ऱ्हातो. न्हाई तर मला गाडीत घाला."

ठीक आहे म्हटलं. मी पण त्यांचीच लेक.

अडचण अशी की परीक्षक वांगं चाखणार नव्हता. देवाच्या आधी खायचं नाही म्हटल्यावर दादा फक्त नाकानं निकाल देणार. सासरी हा नेम नाही, त्यामुळे नापास झालेली वांगी खायची कामगिरी आमच्या ह्यांच्याकडे आली. हे एमआयडीसीत एका कारखान्यात फिटर. बोलणं कमी, खाणं बरं. शेगडीवर भाजलेलं पहिलं वांगं दादांच्या नाकाखाली धरलं, तर त्यांनी तोंड फिरवलं. "हे उकडल्यावानी हाय." ह्यांनी ते मुकाट्यानं पोळीबरोबर खाल्लं.

मग मी गॅलरीत घमेल्यात गोवऱ्या पेटवल्या. वास अगदी गावासारखा सुटला. दादांनी खुर्चीत मान वर केली, आणि तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या काकू जिना उतरून दारात. त्यांच्या दोरीवर धुतलेल्या साड्या वाळत होत्या, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"आग लागलीय का?"

"नाही, वांगं भाजतेय."

"एका वांग्याला एवढा धूर? बाई गं, आमच्या साड्यांचं भरीत झालं."

माझ्या जिभेवर बरंच काही आलं होतं. पण साड्या खरोखरच धुरकटल्या होत्या, त्यामुळे गिळलं. घमेल्यावर पाणी ओतलं, तर त्याचा आणखी धूर झाला. ह्यांनी ते अर्धं कच्चं वांगंही खाल्लं.

दुसऱ्या दिवशी हे एक वांगं डब्याच्या पिशवीत घालून कामावर घेऊन गेले. मला सांगितलंच नाही. तिथं वेल्डिंगवाल्या मित्राला म्हणाले, जरा ह्याला ज्योत दाखव. लोखंड वितळवणारी ती ज्योत. संध्याकाळी डब्यातून जे निघालं ते बाहेरून काळं ठिक्कर आणि आतून असं कच्चं, की सुरी लावली तर करकरलं. पण ह्यांच्या डोक्यात तिथंच प्रकाश पडला. म्हणाले, "ज्योत पाहिजे, पण बारीक. ब्लोलॅम्प घे."

ब्लोलॅम्प म्हणजे पितळेचं एक गोल पोट, त्यात रॉकेल, बाजूला हवा भरायचा पंप आणि पुढं एक तोटी. त्या तोटीतून आडवी ज्योत निघते. रंगारी दारावरचा जुना रंग काढायला वापरतात. मटणवाले बोकडाच्या पायांचे केस जाळायला वापरतात. आमचा नेहमीचा मटणवाला तर म्हणाला, "ताई, माझाच न्या की चार दिवस." पण ज्यानं बोकडाचे पाय भाजले तो देवाच्या वांग्याला चालणार नव्हता. दादांनी नुसतं ऐकून कानाला हात लावले. म्हणजे नवा घेणं आलं.

बाजारात हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदारानं विचारलं, "रंग काढायचाय?"

"नाही, वांगी भाजायचीत."

"हॉटेल आहे का?"

"नाही, देव आहे."

त्यानं लगेच तीन ब्लोलॅम्प काढून ठेवले. पहिला एवढा थोराड की उचलायला दोन्ही हात लागावेत. मग सांडशीनं वांगं फिरवायचं कुणी? दुसरा पत्र्याचा, दिसायला चकचकीत, पण पंप दाबला की दांडा आपोआप वर यायचा. म्हणजे आतला वॉशर गेलेला. स्टोव्हवर संसार केलेल्या बाईला हे सांगायला लागत नाही. तिसरा लहान, पितळेचा, लाकडी मुठीचा. डाव्या हातात धरून मनगट फिरवून पाहिलं, जमलं. मी म्हटलं, पेटवून दाखवा. तो म्हणाला, पेटवून दाखवत नाही. मी म्हटलं, स्टोव्ह पेटवून देता, मग ह्यानं काय घोडं मारलंय? शेवटी त्यानं दुकानाबाहेर पायरीवर बसून पेटवला. येणारीजाणारी माणसं थांबली. एकानं विचारलं, काय चाललंय? दुकानदार म्हणाला, "ह्यांना वांगं भाजायचंय." मी लाजले नाही. पिशवीत घालून घेऊन आले.

आणि घरी आल्यावर नेमकी स्टोव्हवर संसार केल्याचीच खोड नडली. स्टोव्हला रॉकेलात बुडवलेला पेटता काकडा लावायचा, जरा दम धरायचा आणि पंप मारायचा, हे हाताला बसलेलं. इथं तोटी चांगली तापल्याशिवाय पंप मारायचा नसतो. मी मारला. हातभर लांब पिवळी ज्योत निघाली, दोरीवरच्या ह्यांच्या बनियनची बाही गेली आणि वांग्यावर काजळी बसली. घाबरून मी लॅम्पची चावी फिरवली ती उलटीच. कसाबसा तो विझवला आणि वांगं दादांच्या पुढं धरलं.

दादांनी वास घेतला. "खंडोबाला रॉकेल पाजती का?"

मला रडू आलं. राग आला की मला रडू येतं, आणि रडू आलं की आणखी राग येतो. आठवडाभर ज्यांच्यासाठी धूर खाल्ला, काकूंचं ऐकून घेतलं, बाजारात तमाशा केला, ते आपले खुर्चीत बसून नुसती नाकं मुरडणार. मी ब्लोलॅम्प त्यांच्यासमोर स्टुलावर आदळला. "मग तुम्हीच भाजा. हात नाही मोडलेत तुमचे."

ह्यांनी वर्तमानपत्र उचलून तोंडासमोर धरलं. दादा माझ्याकडे बघत राहिले, मग लॅम्पकडे, आणि म्हणाले, "आन हिकडं."

त्यांनी लॅम्प मांडीवर घेतला, सगळीकडून फिरवून बघितला. फवारणीचा पंप वर्षानुवर्षं पाठीवर वागवलेला माणूस, मला वाटलं ह्यांना नक्की जमणार. दादांनी काकडा लावला, दम धरला आणि वाकून तोटीत डोकावले. डाव्या बाजूची मिशी गेली. चर्र असा बारीकसा आवाज झाला, बस. दादांच्या मिशा पंचक्रोशीत नावाजलेल्या होत्या. उरलेली बाजू कापायला त्यांनी मलाच सांगितलं. मी हसू आवरत कापली आणि ती वाकडी झाली.

मी म्हटलं, आता लॅम्प गॅलरीतून खाली फेकतात. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हाक मारली, "पाव्हणं, जरा हिकडं या." त्या दिवसापासून सासरे-जावई रोज संध्याकाळी गॅलरीत. लग्नाला एवढी वर्षं झाली, ह्या दोघांत "बरंय ना?" आणि "बरंय" याच्यापलीकडे बोलणं झालेलं मी ऐकलं नव्हतं. आता तासतासभर चाललेलं. तोटी सावकाश तापू द्यायची. ज्योत निळी झाली आणि लॅम्प घुमायला लागला की रॉकेलचा वास राहत नाही. वांग्याला तेलाचं बोट, सुरीचे दोन टोचे, जाळीवर ठेवून ज्योत लांबूनच फिरवायची. साल फुगते, काळी पडते, तडकते. शेवटी गोवरीचा सुपारीएवढा तुकडा त्याच ज्योतीनं पेटवायचा, वांग्याबरोबर पातेल्यात ठेवायचा आणि झाकण घालायचं. धूर सगळा आत. काकूंच्या साड्या सुखरूप.

ते वांगं दादांनी नाकाखाली धरलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. ह्यांच्याकडे देताना म्हणाले, "नशीबवान हाय तुमी." गाडीचा विषय त्यांनी त्या दिवशी काढला नाही.

चंपाषष्ठीला सकाळपासून दादा गॅलरीत. प्लास्टरचा पाय स्टुलावर, हातात लॅम्प, कपाळाला भंडारा. काकू वास काढत खाली आल्या. त्यांच्याही घरी खंडोबा. हातात टोपली, टोपलीत वांगी. मी दारातच उभी राहिले, म्हटलं, आता बघू काय बोलतात. त्या माझ्याकडे न बघता सरळ गॅलरीत गेल्या. "दादा, एवढी भाजून देता का? गॅसवरची उकडल्यासारखी लागतात." मागोमाग तळमजल्यावरची दोन बिऱ्हाडं आली. दुपारी तळी उचलताना सगळे उभे आणि दादा बसलेले, पण 'येळकोट' त्यांचाच सगळ्यांत मोठा. मी भरीत कालवलं, कांद्याची पात, हिरवी मिरची, दाण्याचं कूट. दादांनी दोन रोडगे खाल्ले आणि ताट माझ्याकडे सरकवलं. सवयीनं मी भांडायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "वाढ की."

मग दादांना नुसतं बसायला फुरसत उरली नाही. कुणाची मिरची, कुणाचे पापड, कुणाची कणसं. काकूंनी तर कशासाठी टोमॅटो आणले ते त्यांनाच ठाऊक. जिन्यात माणसं मला विचारायची, दादा आहेत ना घरी? जणू प्लास्टर घातलेला माणूस कुठं फिरायला जाणार होता.

प्लास्टर काढायच्या दिवशी मी आणि दादा रिक्षानं दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून पाहिला. "हाड छान जुळलंय, बाबा. काढून टाकू. आता खुशाल गावी जा."

मी दादांकडे बघितलं. चंपाषष्ठीला गाडीत घाला म्हणणारा माणूस, आता खूश होईल म्हटलं. दादा म्हणाले, "डॉक्टर, आजून थोडे दिस ऱ्हाऊ द्या की प्लास्टर."

"का? दुखतंय?"

"न्हाई."

"मग?"

दादा खाली बघत होते. "लेकीच्या घरी मोडका मानूस ऱ्हातो. चांगला कसा ऱ्हानार?"

डॉक्टर हातात कात्री घेऊन थांबले. मला रडू यायला लागलं. मग आला तो रागच. "काढा तुम्ही," मी डॉक्टरांना म्हटलं. "चांगला माणूसही राहतो आमच्या घरी. हे नाही राहिले, तर दुसरा पाय मी मोडते."

डॉक्टर हसले. दादा हसले नाहीत. त्यांनी धोतर वर सारलं, पाय पुढं केला आणि म्हणाले, "काढा मग."