आमची देवका पळत नव्हती

भर दुपारी लाखोरीच्या शेंगा सोलता सोलता देवकानं मान टाकली. तिसऱ्या दिवशी राख सावडून परत येऊन राहिलो होतो, तर सौंदडच्या चौकात पोरांनी तिचा फ्लेक्स लावलेला. फोटो चांगला होता, डोक्यावर पदर, छातीवर शर्यतीच्या नंबरचा कागद. खाली लिहिलं होतं, ‘गावची लाडकी धावपटू हरपली’. मी तिथंच थांबलो. म्हटलं, हे काढा. लोकांना वाटलं, बायको गेली अन् बुढ्याचं डोकं फिरलं. उपसरपंच म्हणाला, "काकाजी, पळाली काय अन् चालली काय, मेडल तर आणलं ना!" मी म्हटलं, "तिनं सारा जीव न पळण्यात घातला, लेका. तेरवीच्या आत हा शब्द बदलला नाही, तर मी स्वतः चढून फाडतो."

मी रेल्वेत गँगमन होतो, शिकलो चौथीपर्यंत, म्हणून सरळ सांगतो. चालण्याची शर्यत असते अन् तिचे दोन कायदे. एक पाय कायम जमिनीला पाहिजे, अन् पुढचा पाय टेकताना गुडघा ताठ. दोन्ही पाय हवेत दिसले की पंच बाहेर काढतो. देवकाला हे कोणी शिकवलं नाही. रोवण्याच्या दिवसांत डोक्यावर धानाच्या रोपांच्या, परह्यांच्या पेंढ्या घेऊन बांधीच्या ओल्या, वीतभर रुंद धुऱ्यावरून जायचं म्हणजे दुसरं काय असते? पळाला तो चिखलात. शाळेतल्या खेळाच्या सरांनी तिला तशी जाताना पाहिलं. तेव्हा आमच्या पोरीचं लग्नसुद्धा होऊन गेलं होतं. सर म्हणाले, मोठ्या वयाच्या बायांच्या पण स्पर्धा असतात. मी म्हटलं, "काऊन वं, चालण्याचं बक्षीस देते काय कोणी?" तर म्हणते, "देतेत म्हणे. मी बापा इतकी वर्षं फुकटच चालली!"

पहिली शर्यत गोंदियात. पंचानं पिवळी पाटी दाखवली, तिच्यावर कोनासारखी खूण. म्हणजे गुडघा वाकून राहिला, सांभाळ. देवकाला ती रस्त्याच्या वळणाची पाटी वाटली. वळली इमानदारीनं अन् शिरली गल्लीत. तिच्या भरवशावर मागच्या दोघी पण शिरल्या. तिघी भाजीबाजारातून बाहेर निघाल्या. वर मलेच सांगते, "अजी, रस्ताच लय वाकडा ठेवला होता त्याहीनं."

मग पोरीनं मोबाइलवर स्लोव्हाकिया नावाच्या देशातला एक चालणारा दाखवला. उंच, लाल तोंडाचा, कंबर अशी हलवे की शेजारच्या बाया पदर तोंडाला लावून हसत. देवका फक्त त्याच्या टाचा पाहे. भाकरी थापताना मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवलेला. एका शर्यतीत त्याच्या पोटरीत गोळा आला, तो लंगडला, मागे पडला... पण पळाला नाही. त्या दिवसापासून देवका त्याला भाऊ म्हणू लागली. राखीच्या दिवशी त्या मोबाइललाच राखी बांधली. मी साऱ्या गावाला सांगितलं, मले गोरा साळा भेटला.

नवेगाव बांधला तलावाच्या काठानं शर्यत होती. शेवटच्या वळणावर ती तिसरी. मागची एक बाई सरळ सरळ पळतच पुढे गेली. त्या वळणावर पंच नव्हता. मी काठावरून ओरडलो, "पळ वं, कोणी पाहून नाही राहिलं!" नाही पळाली. चौथी आली, अन् घामानं निथळत माझ्यासमोर उभी राहिली. "कोणी कसं नाही? मी पाहून राहिली होती ना!" साऱ्यांसमोर. मी शेंगदाण्याची पुडी पुढे केली. पुढच्या साली तिथूनच मेडल आणलं, तेही चालत.

तर त्या शब्दासाठी मी उपसरपंचाला घेऊन गोंदियाला फ्लेक्सवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "क्या लिखूँ चाचाजी?" तिथं गाडी अडली. पळणाऱ्याला धावपटू आहे, चालणाऱ्याला मराठीत शब्दच नाही. उपसरपंच म्हणाला, "चालू खेळाडू लिहा." मी म्हटलं, "चालू तुझा बाप." फ्लेक्सवाल्यानं बराच विचार केला. "मुक्केबाज होता है, निशानेबाज होता है... तो चालबाज लिख दूँ?" मी स्टुलावर बसून हसलो, ती गेल्यानंतर पहिल्यांदा. पोट धरून हसलो अन् मनात आलं, कधी घरी जातो अन् देवकाला हे सांगतो... मग फ्लेक्सवाल्यानंच पाणी आणून दिलं. ते प्यालो अन् सांगितलं, शब्द राहू दे. नाव लिही, अन् खाली लिही, ‘जन्मभर चालली, पळाली नाही’.

तेरवीच्या सकाळी नवा फ्लेक्स चढला. दरेकशाची पारबता गाडीनं आली. ही शर्यतीत देवकाच्या बाजूनं चालायची अन् चालता चालता तिच्याशी भांडायची. मी दारातून पाहत होतो. ती चौकात उभी राहिली, बोटानं अक्षर अक्षर लावून वाचलं, पिशवी खाली ठेवली, पदर कमरेला खोचला, अन् चौकापासून आमच्या घरापर्यंत तशीच आली, शर्यतीची चाल. कंबर हलवत, कोपरं मारत. स्वयंपाकाच्या बाया आधी हसल्या, मग एकेकीनं हातातलं लाटणं खाली ठेवलं. माझी नजर तिच्या पायांवर. दोन्ही पाय एकदाही सोबत उचलले नाहीत. दारात येऊन भिंतीला धरून उभी राहिली, छाती भात्यासारखी.

"भाऊजी," म्हणाली, "आधी पाणी द्या. मंग रडतो."