कादंबरीतला तोटा

त्या कादंबरीच्या तिसऱ्या प्रकरणात आमचं घर होतं. कादंबरी इंग्रजी, गाव परदेशातलं, खिडकीबाहेर बर्फ. तरी घर आमचंच. नवरा गेल्यावर बायको त्याचा कोट दारामागच्या खुंटीवर तसाच ठेवते आणि त्याचा विषय घरात कुणी काढत नाही. आमच्याकडे कोटाऐवजी बाबांची स्कूटर होती, जिन्याखाली कव्हर घालून ठेवलेली. बाबा जाऊन दोन वर्षं होत आली होती. आई सगळ्या जगाबद्दल बोलायची, त्यांच्याबद्दल नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.

माणूस गेल्यावर मागे राहिलेल्या कुटुंबांच्या कादंबऱ्या मी तेव्हा एकामागून एक वाचत होते, मोबाइलवर, गुपचूप. या वेळी मात्र गप्प बसवेना. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला घास गेला नसता. आणि सांगायचं होतं आईलाच. गोष्टीच्या निमित्ताने तरी ती बाबांचं काही बोलेल, असं वाटत होतं.

आई आणि आत्या चटणीच्या मिरच्यांची देठं काढत बसल्या होत्या. मीही शेजारी बसून देठं काढू लागले आणि सुरुवात केली. एका बाईचा नवरा वारला, म्हटलं, आणि त्या घराला फार मोठा तोटा झाला.

“कशाचं दुकान होतं?” आईने विचारलं.

“दुकान नव्हतं. शाळेत शिकवायचा.”

“मग तोटा कशात आला?”

“इंग्लिशमध्ये तसंच म्हणतात. लॉस.”

आत्या पदर तोंडाला लावून हसायला लागली. “वहिनी, घाला आणि पोरीला इंग्लिश शाळेत. माणूस गेलं तर तोटा म्हणतीया.”

माझे कान तापले. आईही हसत होती, मिरचीच्या ठसक्याने खोकत. मग म्हणाली, “म्हणू दे की वन्सं. तोटाच हाय. दुसरं काय हाय?”

आत्या हसायची थांबली.

“पुढं सांग,” आई मला म्हणाली.

मी कोटाचं सांगितलं. माझा आवाज इतका मोठा कधी झाला, मलाच कळलं नाही. कुणी त्याला हात लावत नाही, म्हटलं, साधा झटकतसुद्धा नाही.

“येडी हाय ती बाई. लोकरीचा असंल तर कसर लागंल. उन्हात नको घालाय?” एवढं बोलून आई जिन्याकडे बघत राहिली. “तुझ्या बाबांनी गाडी एक दिवस बिनपुसायची ठेवली न्हाय. आधी गाडीची आंघोळ, मग त्यांची.”

“आणि दादा कुणाला हात लावू द्यायचा न्हाय,” आत्या म्हणाली.

“मला बी चप्पल झाडून बस म्हणायचं.”

पुढचं प्रकरण माझ्या जिभेवर तयार होतं, पण आता ते कुणाला हवं होतं? आई उठली, हात धुतले आणि जिन्याखाली गेली.

“ये, कव्हर धर त्या टोकाला,” तिने मला हाक मारली. “आणि आधी हात धू. मिरचीचा हात लावशील सीटला.”