पल्लांगुळीतला चोर

"पॅक गेला, अम्मा. हे मॉडेल आता येत नाही. सायकल भंगारात घाला," बॅटरीवाला म्हणाला, आणि माझं डोकंच फिरलं.

भंगारात म्हणे! गुडघ्यांनी दगा दिल्यावर घेतलेली माझी बॅटरीची सायकल ती. तिच्यावरून दर शनिवारी मी कालव्याच्या कडेने अक्काकडे जायची. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, गावात एकटी राहते. बस मोठ्या रस्त्यावर सोडते, तिथून पुढची वाट शेतांमधून आहे आणि तेवढं पायी माझ्याच्याने चालवत नाही. सायकल बंद पडली तसं माझं जाणंही बंद पडलं. "मी सोडीन ना तुला मोपेडवर, सवड मिळाली की," असं आमचे हे म्हणाले. यांची सवड मी लग्न झाल्यापासून बघतेय!

कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये माझा जन्म गेला. पॅकमधले सगळेच सेल एकदम जात नाहीत. एखाददुसरा बिघडतो आणि बाकीच्यांना खाली ओढतो. मी बॅटरीवाल्याकडून तसलाच एक टाकून दिलेला पॅक मागून घेतला. तो हसला. हस बाबा, म्हटलं.

गच्चीवर वाळूची बादली शेजारी ठेवून मी दोन्ही पॅक उघडले आणि जोडपट्ट्या सोडवून बोटाएवढे सेल सुटे केले. ठेवायचे कशात? धातूच्या ताटात शॉर्ट होतील. शेवटी कवड्यांनी खेळायची लाकडी पल्लांगुळी काढली आणि तिच्या खळग्याखळग्यात सेल उभे केले. "नवरात्रात खेळायला बसलीस की काय गं?" सासूबाई जिन्यातून ओरडल्या.

सगळे सेल चार्ज करून मीटर लावला, तर सगळेच साळसूद. रिकामं बसलेलं कुणीही धडधाकटच दिसतं, आमच्या घरात मी हे रोज बघते. मग एकेकाला जाड तारेचं वेटोळं जोडून जरा राबवलं. तेव्हा काहींनी लगेच मान टाकली. मार्कर सुकलेला होता, म्हणून त्या नालायकांना कुंकवाचं बोट लावलं आणि पल्लांगुळी खाली आणून ठेवली. उद्या उरलेले चांगले सेल जोडून घ्यायचे, परवा विजयादशमीला अक्काच्या दारात.

सकाळी आंघोळ करून येते तर काय! सरस्वतीपूजेची मांडणी झालेली. पुस्तकं, विळी, यांचा पाना, आणि मधोमध माझी पल्लांगुळी. एकूण एक सेलच्या डोक्याला कुंकू!

"अय्यो, अम्मा!" मी सासूबाईंना म्हटलं. "काय केलंत हे? त्यातले वाईट कुठले ते आता कसं कळणार?"

"आयुधांत वाईट कुठलं आणि चांगलं कुठलं?" सासूबाई म्हणाल्या. " आणि हात लावशील तर बघ. आज पूजेतलं काही हलवायचं नाही."

मी दिवसभर धुमसत होते. प्रसादाची हरभऱ्याची सुंडल खातानाही लक्ष त्या पल्लांगुळीकडेच. हे मात्र गालात हसत होते.

दुसऱ्या दिवशी पूजा हलवली, तशी मी मीटर घेऊन बसले आणि पुन्हा पहिल्यापासून एकेक सेल तपासायला घेतला. कडेच्या खळग्यातल्या एकापाशी हात थांबला. हा मला नेमका आठवत होता. परवा राबवताना या बेट्याने सगळ्यांत छान काम केलं होतं. माझ्या मनात तो पहिल्या नंबरावर होता. आता पूजेत दिवसभर नुसता बसून, कुणी बोटही न लावता त्याचा चार्ज आपला आपणच उतरला होता. दुसऱ्यांदा मीटर लावला, तिसऱ्यांदा लावला. तेच! हा मला परवा कधीच सापडला नसता. मी त्याला मोठ्या मानाने पॅकमध्ये बसवला असता आणि त्याने मला कालव्याच्या पुलावर रडवलं असतं.

"सापडला!" मी एवढ्याने ओरडले की हे पेपर टाकून धावत आले. "चोर सापडला, अम्मा! तुमच्या सरस्वतीने धरून दिला."

"आणि माझ्या कुंकवाने," सासूबाई म्हणाल्या. म्हटलं, घ्या, तुम्हीही श्रेय घ्या, आज मी सगळ्यांना वाटणार आहे.

बाकीच्या नालायकांनीही पुन्हा मान टाकली. चांगले तेवढे निवडून बॅटरीवाल्याकडे नेले. त्याने नव्या पट्ट्या वेल्ड करून दिल्या आणि स्वतः मीटर लावून बघितलं. या वेळी तो हसला नाही. "कसं शोधलं, अम्मा?" म्हणाला. "सांगते, पण आत्ता नाही," म्हटलं आणि निघाले.

चढावर सायकल कुरकुरली नाही. पुलावर मुद्दाम थांबले, कालव्याकडे बघून घेतलं आणि पुन्हा निघाले. काय सांगू, गावं ओळखीची, नारळाची झाडं ओळखीची, तरी मला सगळ्यांना हाका मारून सांगावंसं वाटत होतं.

अक्का दारातच उभी होती. माझ्या मागे रस्त्याकडे बघत तिने विचारलं, "कुणी सोडलं गं तुला?"

"कुणी नाही, अक्का," मी सायकल स्टँडला लावत म्हटलं. "माझी मी आले."